निर्वाताबाहेरील आयन-शलाका व जुन्या कागदपत्रांची परीक्षा
(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या टापूच्या अनुषंगानें)

अंबरनाथ येथील शिवालयांत जो शिलालेख आहे, त्यांतील शकाचा आंकडा डॉ. भाऊ दाजी यांनीं प्रथम ७८२ असा वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ असा लावला, व तोच आज सर्वमान्य आहे. म्हणजे लेखाचा काळ इ. स. ८६० नसून इ. स. १०६० होय. एका अंकाच्या वळणानें दोनशें वर्षांचें अंतर पडलें. हा निकाल कशाच्या बळावर टिकला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. लेखांत महामंडलेश्वर माम्वाणिराज याचें नांव आहे. हाच उत्तर कोंकणच्या शिलाहारांपैकीं मुम्मुणि. याचा वडील बंधु छित्तराज याचा भांडुप येथील ताम्रपट शके ९४८ चा, व त्यांचा चुलता अरिकेसरी याचा ठाणें येथील ताम्रपट शके ९३९ चा आहे. मग धाकटा बंधु शके ७८२ मध्यें राज्य करील कसा? अक्षरवळण, वंशावळ व इतर लेखांचे शक, या तीन साक्षी एकत्र आल्या आणि वाद मिटला.

या ठिकाणीं दगडाचें पृथक्करण करून कांहींच निष्पन्न झालें नसतें. तो काळा पाषाण सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वींचा. त्यावर छिन्नी केव्हां चालली हें त्याच्या घटकद्रव्यांवरून कळत नाहीं. परंतु कागद, शाई, रंग, ताम्रपट, मुद्रा व नाणीं यांची गोष्ट निराळी आहे. या वस्तु मनुष्यानें पदार्थांचें मिश्रण करून बनविलेल्या असतात, आणि तें मिश्रण कालपरत्वें व स्थलपरत्वें बदलत असतें. म्हणून त्यांच्या घटकांची साक्ष इतिहासास उपयोगी पडूं शकते. ही साक्ष मूळ वस्तूस कात्री न लावतां काढण्याचा एक उपाय गेल्या अर्धशतकांत पदार्थविज्ञानानें सिद्ध केला आहे. त्या उपायाचें स्वरूप काय, त्यानें आजवर काय साधलें, आणि आपल्याकडील दप्तरांस तो लावावयाचा झाल्यास कोणत्या अडचणी येतील, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ही शलाका वस्तूचे घटक सांगते, वय सांगत नाहीं. आणि आपल्या काजळी शाईच्या व काळ्या मातीच्या मुलखांत, निःसंशय तारखेच्या स्थानिक कागदांची तुलनामाला आधीं तयार केल्याशिवाय तिचा कौल घेणें म्हणजे नवी चूक ओढवून घेणें होय.

१. शलाकेचें स्वरूप

हायड्रोजनच्या अणूंतील ऋणभार काढून टाकला म्हणजे जो गाभा उरतो तो प्रोटॉन. अशा प्रोटॉनांस वेगवर्धक यंत्रांत सुमारे ३० लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी शक्ति देऊन त्यांची बारीक शलाका पदार्थावर सोडली असतां पदार्थांतील अणूंचे आंतले इलेक्ट्रॉन उखडले जातात, व ती पोकळी भरून निघतांना प्रत्येक मूलद्रव्य आपआपले ठराविक क्ष-किरण बाहेर टाकतें. लोखंडाचे निराळे, तांब्याचे निराळे, पाऱ्याचे निराळे. हे किरण मोजले म्हणजे कोणतें मूलद्रव्य किती आहे हें कांहीं मिनिटांत समजतें. ‘पिक्सी’ या आद्याक्षरी नांवानें ओळखली जाणारी ही पद्धति स्वीडनमधील लुंड येथें इ. स. १९७० मध्यें प्रसिद्ध झाली. अत्यल्प द्रव्यही तीस दिसतें, म्हणून तिचा मोठा उपयोग प्रथमपासून हवेंतील धूलिकण तपासण्याकडे झाला. याच प्रोटॉनांच्या आघातानें कांहीं हलक्या मूलद्रव्यांचे गाभे गॅमा-किरण टाकतात. ते मोजण्याची दुसरी पद्धति ‘पिगी’ या नांवानें चालते. बोरॉन, फ्लोरीन, सोडियम, अॅल्युमिनियम हीं त्या दुसऱ्या पद्धतीनें चांगलीं सांपडतात.

२. निर्वात कां टाळावयाचा

प्रोटॉन हवेंत अडखळतात, म्हणून वेगवर्धकाची सर्व नळी निर्वात ठेवावी लागते, आणि आरंभीं तपासावयाची वस्तुही त्याच निर्वात कोठडींत ठेवीत. धातूच्या तुकड्यास त्यानें बाधा नसे. परंतु कागद, चर्मपत्र, ताडपत्र व भूर्जपत्र यांच्या अंगीं नेहमीं थोडी ओल असते, व त्या ओलीवरच त्यांची लवचिकता राहते. निर्वातांत ती ओल ओढली जाऊन पान आक्रसतें, रंगाचे पोपडे सुटतात, शाईस भेगा पडतात. शिवाय शलाकेनें उत्पन्न झालेली उष्णता व विद्युद्भार वाहून नेण्यास निर्वातांत कांहीं नसतें. आणि संबंध पोथी त्या लहानशा कोठडींत मावत नाहीं, ती अडचण वेगळीच.

यावर तोड अशी निघाली कीं, नळीच्या तोंडाशीं अतिशय पातळ पडदा बसवावा, शलाका त्यांतून बाहेर हवेंत काढावी, व तेथून कांहीं मिलिमीटर अंतरावर पान धरावें. पडदा कधीं धातूचा असतो, कधीं सिलिकन नायट्राइडचा. हा दुसरा मिलिमीटराच्या दहा-हजाराव्या भागाइतकाच जाड असूनही बाहेरच्या हवेचा भार सोसतो. ३० लक्ष व्होल्टांचा प्रोटॉन हवेंत सुमारे १४ सेंटिमीटर जाऊं शकतो, म्हणून थोड्या मिलिमीटरांत त्याची शक्ति फारशी घटत नाहीं. पान मोकळ्या हवेंत राहिल्यानें त्याची ओल टिकते, उष्णता व विद्युद्भार निघून जातात, आणि पोथी कितीही मोठी असली तरी चालते.

मात्र या सोईची किंमत द्यावी लागते. हवेंत शेंकडा सुमारे एक या प्रमाणांत आर्गॉन वायु असतो. त्याचे स्वतःचे क्ष-किरण मोजणींत मिसळतात. सोडियमसारख्या हलक्या द्रव्यांचे मंद किरण हवाच शोषून घेते. म्हणून शलाकेच्या तोंडाशीं हीलियम वायूचा झोत सोडतात. दुसरें असें कीं, कागद पातळ असल्यास शलाका आरपार जाते, आणि पाठपोट लिहिलेल्या पत्रांत मागच्या बाजूच्या शाईचे किरणही थोडेफार मोजले जातात. तिसरें, शलाका तीव्र अथवा फार वेळ राहिल्यास कागद पिवळा पडतो. वस्तूस धक्का लागत नाहीं हें म्हणणें म्हणूनच मंद शलाका व अल्प वेळ या अटींवरच खरें मानावें.

३. परदेशांतील तीन उदाहरणें

पहिलें उदाहरण गुटेनबर्गच्या बायबलाचें. इ. स. १४५५ च्या सुमारास छापलेल्या या ग्रंथाचीं पानें कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील विद्यापीठांत टॉमस केहिल व रिचर्ड श्वाब यांनीं इ. स. १९८२ पासून मोकळ्या हवेंतील शलाकेनें तपासलीं. छपाईची शाई केवळ काजळाची असावी अशी समजूत होती. पण तींत तांबें व शिसें यांचें प्रमाण मोठें निघालें. शाईच्या प्रत्येक घाण्यांत हें प्रमाण थोडें थोडें बदलत गेलें होतें, त्यावरून कोणतीं पानें कोणत्या क्रमानें छापलीं याचा अंदाज बांधतां आला.

दुसरें उदाहरण गॅलिलिओचें. गतिविषयक त्याचीं टिपणें फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत; पुष्कळांवर तारीख नाहीं, व त्याच्या विचारांचा क्रम लावण्यास ती तर हवी. तेथील पदार्थवैज्ञानिकांनीं त्या टिपणांच्या शाईंतील लोखंड, तांबें, जस्त व शिसें यांचें परस्पर प्रमाण काढलें, आणि गॅलिलिओच्याच तारीखवार पत्रांच्या व जमाखर्चाच्या नोंदींच्या शाईशीं तें ताडून पाहिलें. ज्या नोंदीशीं प्रमाण जुळलें तिच्या काळाजवळ तें टिपण बसलें. येथें तारीख शलाकेनें सांगितली नाहीं. तारीख सांगितली जमाखर्चाच्या वहीनें. शलाकेनें फक्त दोन शाया एक आहेत एवढेंच दाखविलें. दप्तरें चाळणाऱ्या वाचकांनीं या भेदाकडे विशेष लक्ष द्यावें.

तिसरें उदाहरण इशाऱ्याचें आहे. कोलंबसापूर्वीं अमेरिकेचा किनारा दाखविणारा म्हणून येल विद्यापीठानें इ. स. १९६५ मध्यें ‘विनलंड’चा नकाशा प्रसिद्ध केला. इ. स. १९७४ मध्यें वॉल्टर मॅक्‌क्रोन यानें त्याच्या शाईंत अॅनाटेस नांवाचा टायटॅनियमचा पांढरा रंग दाखविला. हा रंग कारखान्यांत तयार होऊं लागला तो विसाव्या शतकांत. म्हणून नकाशा बनावट, असें त्यानें म्हटलें. पुढें डेव्हिस येथें तोच नकाशा हवेंतील शलाकेखालीं गेला, इ. स. १९८७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणींत टायटॅनियम अगदीं लेशमात्र निघालें व नकाशाच्या बाजूनें पुन्हां पारडें झुकलें. अखेर इ. स. २०२१ मध्यें येलनेंच सर्व नकाशाची नव्यानें परीक्षा करून शाईंत सर्वत्र टायटॅनियम आहे व नकाशा बनावट आहे असें जाहीर केलें. शलाका खोटें बोलली नव्हती. परंतु मूलद्रव्य कोणतें हें ती सांगते, तें कोणत्या संयुगांत आहे हें सांगत नाहीं. टायटॅनियम कारखान्यांतील रंगाचें कीं साध्या धुळीचें, हा प्रश्न तिच्या आटोक्याबाहेरचा होता. हें उदाहरण पुढें आपल्या मुलखाच्या संबंधांत पुन्हां कामास येईल.

४. आपल्याकडील साधनें

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर यांस सर्वांत जवळचें असें यंत्र म्हणजे तुर्भें येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांतील ‘फोटिया’. तेथें पूर्वीं ५५ लक्ष व्होल्टांचा व्हान डी ग्राफ वेगवर्धक होता. त्याचेंच रूपांतर करून हा ६० लक्ष व्होल्टांचा घडीचा वेगवर्धक उभारण्यांत आला व इ. स. २००० मध्यें त्यांतून पहिली शलाका निघाली. तेथील रसायनज्ञांनीं प्रोटॉनांची शलाका धातूच्या पातळ पडद्यांतून मोकळ्या हवेंत आणून, गॅमा-किरणांच्या दुसऱ्या पद्धतीनें, कांचेसारख्या पदार्थांतील बोरॉन, सोडियम, सिलिकन आदि हलकीं द्रव्यें मोजण्याची रीति बसविली आहे. यंत्र मुख्यतः अणुशास्त्रासाठीं आहे, दप्तरखान्यासाठीं नाहीं. तरी निर्वाताबाहेर शलाका आणण्याची विद्या ठाणें जिल्ह्याच्या शेजारींच आहे, ही गोष्ट लहान नव्हे. दुसरें स्थळ भुवनेश्वरची भौतिकी संस्था. तेथील ३० लक्ष व्होल्टांच्या यंत्रावर हवेंतील शलाकेनें चांदीच्या आहत नाण्यांचें पृथक्करण झालें असून त्याचा वृत्तांत इ. स. २०११ मध्यें छापला गेला आहे.

देशांतल्या देशांत सोय असण्याचें महत्त्व कायद्यामुळेंही आहे. इ. स. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याप्रमाणें ७५ वर्षांहून जुनें, ऐतिहासिक वा वाङ्‌मयीन मोल असलेलें हस्तलिखित ही पुरावस्तु ठरते, व ती खासगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहीं. म्हणून फ्लॉरेन्सचें यंत्र कितीही उत्तम असलें तरी कल्याण प्रांताच्या सनदेस त्याचा उपयोग नाहीं.

५. या टापूंतील सामग्री

हीं तिन्ही गांवें जुन्या कल्याण प्रांतांत मोडतात. इ. स. १६५७ मध्यें शिवछत्रपतींनीं कल्याण-भिवंडी घेतली. उत्तरेस वसईस इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, इ. स. १७८० मध्यें कल्याण इंग्रजांच्या हातीं पडलें. यामुळें या बाजूस जे कागद निघण्याचा संभव, त्यांचे शाईच्या दृष्टीनें तीन वर्ग होतात. पहिला, बोरूनें काजळी शाईंत लिहिलेले मोडी कागद. दुसरा, मायफळ व हिराकस यांपासून केलेल्या लोहशाईंत लिहिलेले फिरंगी व इंग्रजी कागद. तिसरा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आलेल्या, डांबरापासून काढलेल्या रंगांच्या तयार शाया. बदलापूर-अंबरनाथकडील इनामपत्रें, कौल व वतनाचे महजर हे पहिल्या वर्गांत, आणि इंग्रजी अंमलांतील कचेऱ्यांचे कागद दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांत पडावयाचे.

उल्हासनगरचा इतिहास नवा असला तरी त्याची कागदी सामग्री दुर्लक्षणीय नाहीं. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत राहिले, आणि इ. स. १९४९ च्या ऑगस्टांत राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. गांव सोडतांना माणूस जे थोडे कागद उराशीं धरतो ते बहुधा खतपत्रें, वह्या व पूजेच्या पोथ्या असतात. सिंधी समाजांत अरबी वळणाची लिपि, व्यापाऱ्यांची हटवाणिका व नानकपंथी पोथ्यांची गुरुमुखी अशा तीन लिप्या चालत. हे कागद ज्या गांवचे तें गांव आतां परमुलखांत आहे. तेथील दुसरा कागद तुलनेस आणणें कठीण. म्हणून अशा घराण्यांतील ज्या वहीवर स्वतःची तारीख आहे तीच त्या घराण्याच्या इतर निनांवी पानांस साक्षीदार ठरणार. गॅलिलिओच्या जमाखर्चानें जें काम केलें तें येथें हटवाणिका वहीनें करावें, हें असंभाव्य नाहीं.

ताम्रपटांविषयीं एक सूचना पुरे आहे. ३० लक्ष व्होल्टांचा प्रोटॉन तांब्यांत मिलिमीटराच्या सुमारे पंचविसाव्या भागाइतकाच शिरतो. शिलाहारांच्या पत्र्यांवर नऊशें-हजार वर्षांचा जो हिरवा कळंक चढलेला असतो तो याहून जाड असल्यास शलाका कळंकच मोजते, मूळ तांबें नव्हे. कळंक घांसून काढणें हा मार्ग अर्थातच त्याज्य.

६. कसोटीच्या अडचणी

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. लोहशाईच्या बाबतींत ही पद्धति युरोपांत फळास आली याचें कारण असें कीं, हिराकस खाणींतून निघतांना आपल्याबरोबर जस्त, तांबें, मँगेनीज असे सोबती कमीअधिक प्रमाणांत घेऊन येतो, व तेंच त्या शाईचें ओळखीचें चिन्ह होतें. आमची मोडी शाई मूलतः काजळाची. काजळ म्हणजे कर्ब. आणि कर्बाचे किरण इतके मंद कीं हवेंतील क्ष-किरण-मापकास ते दिसतच नाहींत. अक्षर डोळ्यांस काळेंकुट्ट, पण शलाकेस कोरा कागद! म्हणून काजळी अक्षरावर शलाका सोडून “कांहीं सांपडलें नाहीं” असा निकाल आला, तर त्यावरून शाई खोटी असें कोणीं समजूं नये.

तथापि हा दरवाजा अगदींच बंद नाहीं. जुन्या कृतींत काजळाबरोबर डिंक, लाख, टाकणखार, कधीं हिरडा व हिराकस असे पदार्थ येतात, आणि शाई धातूच्या भांड्यांत घोटली असल्यास त्या धातूचा अंशही तींत उतरतो. यांपैकीं टाकणखार विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कारण त्यांत बोरॉन असतें, व बोरॉन हें गॅमा-किरणांच्या पद्धतीनें सांपडणारें द्रव्य होय. लाखेच्या शाईस टाकणखार घालीत. तेव्हां ज्या पद्धतीची बसवणूक तुर्भ्यास झाली आहे तिचाच प्रयोग आधीं नव्यानें घोटलेल्या शाईच्या नमुन्यांवर, आणि मग जुन्या निरुपयोगी चिटोऱ्यावर करून पाहण्याजोगा आहे. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेस दिला, इतकें शाई-कागदाचें महत्त्व आमच्या पूर्वजांस कळत होतें; त्या शाईचे घटक आम्हांस ठाऊक नसावेत हें शोभत नाहीं.

पोथ्यांच्या बाबतींत स्थिति अधिक आशाजनक आहे. लाल अक्षरें हिंगुळाचीं असल्यास पारा व गंधक, शेंदराचीं असल्यास शिसें, आणि पिवळें लेपन हरताळाचें असल्यास सोमल व गंधक दिसतात. लेखकाच्या हातून चूक झाली म्हणजे तीवर हरताळ लावून तें स्थळ झांकीत. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार त्यांतूनच आला. असा लेप पातळ असल्यास प्रोटॉन त्यांतून खालीं पोंचतात. आणि खालचें मूळ अक्षर लोहमिश्रित शाईचें असल्यास लोखंडाच्या रेषेवरून त्याचा मागही लागूं शकतो. पण येथेंही एक खांचखळगा आहे. सोमलाची मुख्य क्ष-किरण-रेषा व शिशाची मुख्य रेषा जवळजवळ एकाच जागीं पडतात. केवळ त्या एका रेषेवर भिस्त ठेवल्यास हरताळाचा शेंदूर व शेंदराचा हरताळ होईल; दुय्यम रेषा पाहूनच निर्णय केला पाहिजे. टायटॅनियम व बेरियम यांचीही अशीच जवळीक आहे.

यापेक्षां मोठी अडचण आमच्या भूमीची आहे. अंबरनाथचें देवालय ज्या काळ्या दगडाचें आहे, तोच दगड सह्याद्रीपासून खालीं सर्वत्र पसरला आहे. या दगडांत लोह तर विपुल आहेच, पण टायटॅनियमचें ऑक्साइडही साधारणतः शेंकडा दोन ते तीन असतें. त्याची धूळ बदलापुरच्या माळवदावर बसते, दप्तराच्या रुमालांत शिरते, कागदाच्या तंतूंत मुरते. अक्षरें सुकविण्यासाठीं आमचे कारकून वरून बारीक वाळू टाकीत, तींतही हींच द्रव्यें. म्हणजे विनलंडच्या नकाशांत जें टायटॅनियम अपराधाचें चिन्ह ठरलें, तेंच आमच्या अस्सल पेशवेकालीन कागदावर निव्वळ मातीमुळें हजर असावयाचें. युरोपांतील नियम उचलून येथें लावला तर अस्सल कागद बनावट ठरेल; आणि उलट, “मातीमुळेंच असेल” म्हणून सोडून दिलें तर विसाव्या शतकाच्या पांढऱ्या भरणीचा कागदही अस्सल म्हणून खपेल.

यांतून सुटण्याचा मार्ग एकच. अक्षराशेजारच्या कोऱ्या जागेची मोजणी अक्षराच्या मोजणींतून वजा केली पाहिजे. मातीचें टायटॅनियम लोखंडासह, मातीच्याच ठरीव प्रमाणांत आणि कोऱ्या जागींही आढळतें. रंगाचें अथवा भरणीचें टायटॅनियम तें प्रमाण मोडून दिसतें. पण मातीचें तें प्रमाण कोणतें, हें त्याच गांवच्या, त्याच दप्तरांतल्या, तारखेविषयीं शंका नसलेल्या कागदांवरूनच ठरणार. जुन्नर व दौलताबाद येथील हातकागद, नंतरचा तुरटी व राळ लावलेला यंत्राचा कागद, आणि पांढऱ्या मातीची भरणी असलेला त्याहून अलीकडचा कागद, यांची प्रत्येकीं मोजणी हवी. अशी माला मराठी कागदांसाठीं सिद्ध होईपर्यंत एकट्या कागदाचा एकटा निकाल कितीही शास्त्रीय दिसला तरी पुरावा म्हणून मांडूं नये.

७. संग्राहकांस सूचना

(अ) प्रश्न आधीं ठरवावा. “हा कागद केव्हांचा?” हा प्रश्न शलाकेपुढें ठेवूं नये. “मूळ मजकूर व समासांतील ही ओळ एकाच शाईची आहे काय?” किंवा “ही शाई याच हाताच्या अमुक तारखेच्या पत्राशीं जुळते काय?” असे प्रश्न विचारावे. शलाका एखादी गोष्ट त्या काळीं शक्य नव्हती असें दाखवूं शकते. ती त्या काळींच झाली असें सिद्ध करूं शकत नाहीं.

(आ) स्वस्त परीक्षा अगोदर कराव्या. भिंगाखालीं पाहणें, अतिनील प्रकाशांत पाहणें, आणि अवरक्त प्रकाशांत छायाचित्र घेणें. अवरक्तांत लोहशाई फिकी पडते व काजळ काळेंच राहतें. एवढ्यानेंच शाईचा वर्ग समजून शलाकेचा खेप वांचतो. पुष्कळ प्रसंगीं हातांत धरण्याच्या क्ष-किरण यंत्रानेंही काम भागतें. शलाकेचें विशेष सामर्थ्य अत्यल्प द्रव्य व अगदीं लहान जागा यांपुरतें आहे.

(इ) कागद साफ करूं नये. धूळ झटकली कीं मातीचा पुरावा गेला, व नवा खळ किंवा पाठकागद लावला कीं नवीं द्रव्यें आलीं. पूर्वीं दुरुस्ती झाली असल्यास ती कोणत्या पदार्थानें झाली याची नोंद परीक्षकास द्यावी.

(ई) कागद घराबाहेर पडण्यापूर्वीं पाठपोट छायाचित्रें घ्यावीं. शलाका कोणत्या बिंदूंवर, किती तीव्र व किती वेळ पडणार हें लेखी ठरवावें, आणि प्रथम कोऱ्या कोपऱ्यावर चांचणी झाल्याशिवाय अक्षरास हात लावूं देऊं नये. तपासलेल्या बिंदूंचा नकाशा कागदासोबत कायम ठेवावा. पन्नास वर्षांनीं तेथें डाग उमटला तर कारण कळलें पाहिजे.

(उ) सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्यांच्या संग्रहीं तारीखवार, एकाच घराण्याचे, अखंड क्रमाचे कागद आहेत त्यांनीं ते फोडूं नयेत. लिलावांत सुंदर शिक्क्याच्या एका पत्रास किंमत येते व जमाखर्चाच्या मळक्या वह्या रद्दींत जातात. परंतु वरील विवेचनावरून ध्यानीं येईल कीं, सुंदर पत्राची सत्यता त्या मळक्या वह्यांवरच अवलंबून आहे. वही गेली म्हणजे पत्राचा साक्षीदार गेला.

कै. राजवाडे यांनीं कागद गोळा करण्याचा जो उद्योग आरंभिला, त्याच्या पुढची पायरी कागद वाचण्याची व छापण्याची होती. ती पुष्कळशी झाली आहे. आतां कागद हा नुसता मजकुराचा वाहक नसून स्वतःच एक साधन आहे, हें ओळखून त्याच्या द्रव्याची नोंद करण्याची पायरी आली आहे. त्यासाठीं तुर्भ्याचे शास्त्रज्ञ व कल्याण प्रांताचे दप्तरदार यांची गांठ पडली पाहिजे. शास्त्रज्ञास अस्सल, तारखेचा नमुना कोठें मिळेल हें ठाऊक नसतें, आणि संग्राहकास आपल्या पेटींतील नमुन्याचें मोल ठाऊक नसतें. प्रत्येक संग्राहकानें आपल्याजवळच्या निःसंशय कागदांपैकीं साल, गांव, लेखक व कागदाची जात माहीत असलेले निवडून त्यांची यादी जरी प्रसिद्ध केली, तरी तुलनामालेचा पाया घातल्यासारखें होईल. भाऊ दाजींचें वाचन सुधारतां आलें तें छित्तराज व अरिकेसरी यांचे निश्चित शकाचे पत्रे शाबूत होते म्हणून. कागदांच्या बाबतींत तीच तजवीज आपण आज करून ठेविली पाहिजे.